आपला एजंट नक्की कोणाचा?



जून २०२५ मध्ये आम्ही ऑस्टिनजवळ सीडर पार्कला घर घेतलं. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. फोन करणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात. "भाव पडलेत म्हणतात, आता घ्यावं का?" आणि "तुझा एजंट कोण होता? नंबर दे." पहिल्या प्रश्नाला मी सरळ हात वर करतो. भाव तळाला कधी लागले हे तळ मागे पडल्यावरच कळतं, आणि मला ते आधी कळत असतं तर मी रोज सकाळी नऊच्या स्टँड-अपला हजर झालो नसतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नुसत्या नंबरात मावत नाही. कारण मला एजंट दोन झाले, आणि पहिल्या एजंटपायी एक जुना घरोबा जवळजवळ तुटला. त्यात चूक जेवढी तिकडची होती तेवढीच माझीही होती. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, इथे न राहणाऱ्यांसाठी. २०२० ते २०२२ या काळात ऑस्टिनला घर घेणं म्हणजे तत्काळचं तिकीट काढण्यासारखं होतं. महिनाभर पुरेल एवढीही घरं बाजारात नसायची. लोक इन्स्पेक्शन न करता, मागितल्यापेक्षा पन्नास-साठ हजार जास्त देऊन घरं घेत होते. आम्ही २०२१ मध्ये सहा ऑफर टाकल्या आणि सहाही हरलो. सहाव्या वेळी बायको रडली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात या भागातली मध्यम किंमत साडेपाच लाख डॉलरच्या आसपास पोचली. मग व्याज चढलं. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. त्यात बिल्डरांनी तेजीच्या भरात सुरू केलेली घरं एकदम तयार झाली. २०२४-२५ पर्यंत भाव शिखरापासून साधारण पाचवा हिस्सा खाली आले होते. त्या सहा हरलेल्या ऑफरींबद्दल आम्ही आता देवापुढे साखर ठेवतो.

तरी घाई करायची हिंमत नव्हती, त्याला दोन कारणं. एक म्हणजे माझा मावसभाऊ. त्याने २००६ मध्ये फिनिक्सला घर घेतलं होतं. त्याच्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं की इथे भाव खाली येतच नाहीत. पुढच्या पाच वर्षांत फिनिक्सचे भाव निम्म्याहून खाली आले, आणि घरापेक्षा कर्ज मोठं झाल्यावर त्याने २०१० मध्ये किल्ली बँकेला देऊन टाकली. आजही त्याच्यासमोर कोणी "रिअल इस्टेट" म्हटलं की तो उठून पाणी प्यायला जातो. दुसरं कारण आपल्या सगळ्यांचंच. एच-वन, ग्रीन कार्डाच्या रांगेतली २०१६ ची तारीख, आणि नोकरी गेली तर हातात साठ दिवस. घर विकायला साठ दिवस पुरत नाहीत, मंदीत तर नाहीच नाही.

तर दिवाळी २०२४. मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात वहिनी भेटल्या. वहिनी म्हणजे आमच्या एका दादांच्या सौ. हे दादा मला २०१२ मध्ये एमएससाठी आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला आले होते, आठ दिवस त्यांच्या घरी जेवलो, ड्रायव्हिंग टेस्ट त्यांच्या गाडीवर दिली. वहिनींनी कोविडनंतर रिअल इस्टेटचं लायसन काढलं होतं. "भावजी, घर बघताय म्हणे? मग परक्याकडे कशाला जाताय?" यावर नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. तिथेच चकली खाताखाता फोनवर एक करार आला आणि मी बोटाने सही करून टाकली. नोकरीत दोन ओळींचा कोड रिव्ह्यू करायला मी अर्धा तास घेतो. हा अनेक पानांचा करार मी चकली संपायच्या आत मंजूर केला.

आता हा करार आला कुठून, ते सांगायला हवं. वर्षानुवर्षं इथली पद्धत अशी होती की विकणारा पाच-सहा टक्के कमिशन देणार आणि त्यातला साधारण अर्धा भाग घेणाऱ्याच्या एजंटला मिळणार. म्हणून आपल्या लोकांत एक समज रुजला, बायर्स एजंट फुकट असतो. फुकट कसला? त्या सगळ्या व्यवहारात पैसे घेऊन येणारे एकटे आपणच असतो, बाकी सगळे घेऊन जाणारे. गंमत म्हणजे पूर्वी घर दाखवणारा एजंट कायद्याने विकणाऱ्याचाच माणूस असायचा. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३ च्या अहवालात आलं होतं की बहुतेक घेणाऱ्यांना तो आपला माणूस वाटतो. त्यानंतर घेणाऱ्याची बाजू घेणारे वेगळे एजंट रूढ झाले, पण पैसे पूर्वीच्याच वाटेने येत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला, नुकसानभरपाई जवळपास १.८ अब्ज डॉलर. मार्च २०२४ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने ४१ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. एजंटने घर दाखवायच्या आधी घेणाऱ्याशी लेखी करार हवा, त्यात मोबदला नेमका लिहिलेला हवा, आणि विकणारा किती कमिशन देणार हे आता एमएलएसवर दिसणार नाही. टेक्सासने तर १ जानेवारी २०२६ पासून लेखी कराराची अट कायद्यातच घातली.

नियम चांगला आहे. पण करार वाचणाऱ्यासाठी चांगला आहे.

माझ्या करारात तीन टक्के होते, मुदत सहा महिने, आणि एक्सक्लुझिव्ह, म्हणजे या काळात घर कुठूनही घेतलं तरी वहिनींचे तीन टक्के पक्के. विकणाऱ्याने दोनच दिले तर उरलेला एक टक्का माझ्या खिशातून. साडेचार लाखांच्या घरावर साडेचार हजार डॉलर, तेही क्लोजिंगच्या दिवशी, जेव्हा खात्यात सगळ्यात कमी पैसे असतात. हे मला कळलं सहा आठवड्यांनी.

कळलं कसं ते ऐका. वहिनींनी आम्हाला चौदा घरं दाखवली. त्यातली अकरा बिल्डरांची नवी कोरी होती, लिअँडर आणि त्याच्या पलीकडची. मुलगी मॉडेल होममधल्या कुकीज खाऊन खूष, आम्हीही खूष. डिसेंबरच्या मध्यात लिअँडरचं एक घर जवळजवळ ठरलं, चार लाख साठ हजार. बिल्डरच्या ऑफिसात बसलो असताना फोन वाजला.

"भावजी, तेवढी एक सही राहिलीय. फॉर्मॅलिटी आहे फक्त."

या वेळी मी वाचलं (मधे एक चकली नसल्यामुळे असेल). आमच्या करारात त्या एका घरापुरता बदल होता. तीनच्या जागी पाच टक्के.

"वहिनी, हे काय?"

"अहो, बिल्डर देतोय. तुमच्या खिशातून एक पैसा जात नाही."

नव्या नियमात एक कलम आहे. करारात जेवढा मोबदला लिहिला आहे त्यापेक्षा जास्त एजंटला कोणाकडूनही घेता येत नाही. बिल्डरचा बोनस घ्यायचा तर आधी माझ्याच करारातला आकडा वाढायला हवा होता. मी विचारलं, "मग ते वरचे दोन टक्के त्यांनी आपल्याला किमतीत कमी करून दिले तर?"

वहिनी हसल्या. "तसं नाही करत ते. मग शेजारच्या घरांच्या किमती बिघडतात ना."

आणि हे खरं होतं. तेवढ्यात मला मंदीतल्या बिल्डरचं सगळं गणित कळलं. त्याला अजून साठ घरं विकायची असतात. एका घराची नोंदलेली किंमत खाली आली की उरलेल्या सगळ्यांचं अप्रेझल खाली येतं. म्हणून तो किंमत सोडून बाकी सगळं देतो. स्वतःच्या लेंडरकडून कमी व्याज, क्लोजिंगचा खर्च, फ्रिज, पडदे आणि घेणाऱ्याच्या एजंटला बोनस. हे शेवटचं आपल्याला कोणी दाखवत नाही. म्हणजे भाव पडलेलेच असतात, फक्त ते पडलेले दिसू नयेत याची सोय आपल्याच एजंटमार्फत होते. मी सही केली नाही. घरी येताना सिग्नलला बायको एवढंच म्हणाली, "त्यांनी आपल्याला जुनी घरं तीनच का दाखवली रे?"

यापुढे माझी चूक. खरं तर मी दादांकडे जायला हवं होतं, चहा घ्यायला हवा होता, समोर बसून बोलायला हवं होतं. मी काय केलं? ईमेल लिहिली. मुद्दे एक ते सात, कराराच्या परिच्छेदांचे क्रमांक घालून, आणि सीसीमध्ये त्यांच्या ब्रोकरला ठेवलं. ऑफिसात सवय असते ना, पेपर ट्रेल. करार दोन दिवसांत रद्द झाला, ब्रोकरने एका ओळीत मान्य केलं. दादांचा फोन आला, "अरे, घरातल्या घरात एवढं? मला सांगायचंस की." आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. जानेवारीत त्यांच्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, बायकोला बोलावणं आलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. ती मला काही बोलली नाही, पण तिळाचे लाडू त्या वर्षी घरी झाले नाहीत.

(एक तांत्रिक बाब, महत्त्वाची आहे म्हणून. करार रद्द झाला तरी बहुतेक करारांत प्रोटेक्शन पीरियड असतो. त्या एजंटने दाखवलेलं घर तुम्ही त्या मुदतीत दुसऱ्यामार्फत घेतलंत तर कमिशन लागू होऊ शकतं. ती चौदा घरं मी यादी करून फ्रिजवर लावली होती.)

दुसरा एजंट शोधताना मात्र मी मुलाखती घेतल्या, तीन जणांच्या. ऑफिसातल्या एकाने सल्ला दिला की जो कमिशनमधून एक टक्का परत देतो त्याला घे. टेक्सासमध्ये असा रिबेट चालतो, काही राज्यांत चालत नाही. त्याने स्वतः घेतला होता, चार हजार परत मिळाले. पण घर त्याने स्वतःच शोधलं, स्वतःच जाऊन पाहिलं, एजंट क्लोजिंगला पहिल्यांदा भेटला. ज्याला बाजार कळतो त्याने हे जरूर करावं. मला कळत नव्हता.

तिघांना मी एकच प्रश्न विचारला. गेल्या सहा महिन्यांत कोणत्या गिऱ्हाइकाला तुम्ही "हे घर घेऊ नका" म्हणालात? पहिला हसला. दुसरी म्हणाली, माझे क्लायंट नेहमी आनंदी असतात. तिसरा साठीचा, पांढऱ्या मिशांचा, बूट घालणारा पक्का टेक्सन. पूर्वी अप्रेझर होता. त्याने वही उघडली आणि दोन पत्ते वाचून दाखवले, एकाचं छप्पर आणि एकाचं पूरक्षेत्र. त्याचं नाव आम्ही घरात "मास्तर" ठेवलं, कारण प्रत्येक भेटीनंतर तो गृहपाठ द्यायचा. त्याने आधी टेक्सासच्या नियमाप्रमाणे द्यायचा ब्रोकरेजच्या माहितीचा कागद समोर ठेवला आणि चक्क समजावून सांगितला. दोन्ही बाजूंचे एजंट एकाच ब्रोकरचे निघाले तर तो "इंटरमीडिअरी" होतो, मग त्याला तुमच्या बाजूने उघड भांडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. करार अडीच टक्क्यांचा, मुदत तीस दिवस. "तीस दिवसांत तुला मी नकोसा झालो तर तुला ईमेल लिहावी लागणार नाही," म्हणाला. मी त्याला ईमेलची गोष्ट सांगितली नव्हती. माझा चेहरा तसा दिसत असावा.

पहिलं घर हट्टोचं. मोठं, स्वस्त, स्वयंपाकघर बघून बायको हरखली. मास्तर वर गेला आणि बेडरूमचं दार लावायला लागला. लागेना. खाली येऊन खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, ताजा रंग मारलेली एक रेघ दाखवली. मग बाहेर नेऊन जमीन दाखवली. मंडळी, हायवे पस्तीसच्या पूर्वेला हट्टो, टेलर, फ्लुगरव्हिल हा भाग म्हणजे ब्लॅकलँड प्रेअरी. आपली काळी रेगूर, तीच जात. पाण्याने फुगते, उन्हात आकसते. आमचे आजोबा परभणीचे. एप्रिल-मेमध्ये शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडायच्या, आणि काळ्या रानात घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणा, असं ते म्हणायचे. इथे त्याच मातीवर काँक्रीटची स्लॅब टाकतात. सगळी घरं बिघडतात असं नाही, पण ज्याचं बिघडलं त्याची दुरुस्ती हजारांत जाते. परभणीची आठवण मला अमेरिकन म्हाताऱ्याने करून द्यावी, याची लाज वाटली. मास्तरला त्या घरावर दहा हजारांच्या वर मिळाले असते. "नको," एवढंच म्हणून तो गाडीत बसला. असं त्याने तीनदा केलं.

आता या लेखातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. टेक्सासमध्ये घर कितीला विकलं गेलं हे सरकारदरबारी जाहीर करावं लागत नाही. नोंदलेल्या खरेदीखतात बहुधा "दहा डॉलर आणि इतर मोबदला" असलं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणून वेबसाइटवरचे अंदाज इथे आणखीच वाऱ्यावर असतात. खरी विक्रीची किंमत एमएलएसवर असते आणि ते एजंटलाच दिसतं. इथे बायर्स एजंट लागतो तो मुख्यतः याच्यासाठी, दारं उघडायला नव्हे. पण मास्तर त्याच्याही पुढे जायचा. किंमत जाहीर नसली तरी कर्जाचा कागद, म्हणजे डीड ऑफ ट्रस्ट, काउंटी क्लर्ककडे नोंदलेला असतो, त्यावर कर्जाची रक्कम असते, आणि तो कोणालाही बघता येतो. प्रत्येक घराचा हा कागद काढणं हा माझा गृहपाठ.

त्याने चित्रच बदललं. राउंड रॉकचं एक घर आम्हाला फार आवडलं होतं. मागणी पाच लाख दहा हजार, चार महिने पडून. मी म्हटलं, चार लाख साठ हजाराने सुरुवात करू. मास्तर म्हणाला, कागद काढ. मालकाने मे २०२२ मध्ये घेतलेलं, कर्ज चार लाख नव्वद हजार. "त्याच्याकडे द्यायला काही उरलेलंच नाही," मास्तर म्हणाला. "तो अडकला आहे, हट्टी नाही. त्याच्याशी घासाघीस करून कोणालाच काही मिळणार नाही." मला एकदम मावसभाऊ आठवला. मंदीत घासाघीस करताना समोरचा माणूस दिसत नाही, नुसती लिस्टिंग दिसते. त्या घराच्या फोटोत भिंतीवर मुलाच्या उंचीच्या खुणा होत्या.

सीडर पार्कचं घर याच्या उलट. २००३ चं बांधकाम, खाली चुनखडीचा खडक, मालक आधीच दुसऱ्या राज्यात गेलेले, घर रिकामं. २०१७ मध्ये घेतलेलं, कर्ज दोन लाखांच्या आसपास. फेब्रुवारीत मागणी चार लाख नव्व्याण्णव हजार, मग दोन कपाती, मे महिन्यात चार लाख पासष्ट हजार. म्हणजे उतरायला जागा होती आणि रिकाम्या घराचा दर महिन्याचा खर्च चालू होता. आम्ही चार लाख पंचवीस हजार सांगितले, ते चार लाख बावन्नवर आले, शेवटी चार लाख चाळीस हजारांवर ठरलं. त्या तीन दिवसांत मी फोन चार्जरवरून काढला नाही.

टेक्सासच्या करारात ऑप्शन पीरियड नावाची फार उपयोगी गोष्ट आहे. थोडी फी भरायची (आम्ही सात दिवसांचे तीनशे डॉलर दिले), आणि तेवढ्या दिवसांत कारण न सांगता व्यवहार मोडता येतो, अर्नेस्ट मनी परत मिळतं. २०२१ मध्ये लोक हे सोडून द्यायचे. इन्स्पेक्टरने एसी अठरा वर्षांचा आणि वॉटर हीटर शेवटच्या घटका मोजतोय असं लिहिलं. मी म्हटलं, किंमत आठ हजार कमी करायला सांगू. मास्तरने रुमालावर आकडे मांडले. आठ हजार किमतीत कमी झाले तर वीस टक्के डाउन धरून माझं कर्ज सहा हजार चारशेने कमी होणार, पावणेसात टक्क्यांनी महिन्याला वाचणार साधारण एक्केचाळीस डॉलर. तेच आठ हजार क्लोजिंगला क्रेडिट म्हणून घेतले तर तीन लाख बावन्न हजारांच्या कर्जाचा टू-वन बायडाउन जवळजवळ होतो. पहिल्या वर्षी व्याज दोन टक्क्यांनी कमी, म्हणजे महिन्याला चारशे-साडेचारशे. दुसऱ्या वर्षी एक टक्क्याने कमी. नव्या घरात पहिली दोन वर्षंच जड असतात आणि ले-ऑफची भीतीही तेव्हाच असते (जानेवारीत आमच्या टीममधले दोघं गेले होते). आम्ही क्रेडिट मागितलं, मिळालं. एसी स्वतःच्या पैशाने बदलला.

सगळं गोडच झालं असंही नाही. विकणारा एजंटला अडीचऐवजी दोनच टक्के द्यायला तयार झाला. उरलेला अर्धा टक्का, बावीसशे डॉलर, करारानुसार माझ्यावर आला. मी मास्तरला म्हटलं, सोडून दे ना. मराठी माणूस, विचारल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणाला, "हट्टोच्या घरात मी ते दार लावून पाहिलं नसतं तर मला कधीच पैसे मिळाले असते." मी चेक लिहिला.

आणि प्रामाणिकपणे सांगतो, हिशेबाने भाडंच स्वस्त होतं. आमचा हप्ता, दोन टक्क्यांच्या आसपासचा प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्स मिळून महिन्याला तीन हजारांच्या वर जातात. तेवढंच घर त्या वेळी भाड्याने बरंच कमीत मिळत होतं, कारण भाडीही उतरली होती. स्प्रेडशीट सांगत होती, थांब. मुलीची शाळा आणि २०२१ च्या त्या सहा ऑफरी सांगत होत्या, घे. तडजोड म्हणून आम्ही डाउन पेमेंट वाढवलं नाही, दहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला. व्हिसावर असाल तर तो पैसा भिंतीत घालू नका, एवढं मी फोनवर सगळ्यांना सांगतो.

ऑगस्टमध्ये गणपती बसले. नव्या घरातले पहिले. बायकोने मला न विचारता वहिनींना फोन केला. दोघं आले, वहिनी उकडीचे मोदक घेऊन. दर्शन झाल्यावर त्यांनी घर सराईतपणे पाहिलं, बाथरूमचा नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, वरच्या बेडरूमचं दार लावून पाहिलं. मग स्वयंपाकघरात मला गाठून हळूच विचारलं, "किती घेतले त्याने?"

"अडीच. अर्धा मी भरला."

"मी दोनवर केलं असतं हो भावजी. विचारायचं तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ईमेल नको होती पाठवायला," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो, नकोच होती." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "आणि ती पाच टक्क्यांची सही मीही मागायला नको होती. पहिलं वर्ष होतं, चार महिने एकही क्लोजिंग नव्हतं." दादा बाहेर नवा थर्मोस्टॅट न्याहाळत होते, त्यांनी तेवढ्यात हाक मारली की आरती सुरू करा, उशीर होतोय.

पुढच्या शनिवारी वहिनी परत आल्या, लॅपटॉप घेऊन. त्यांच्या एका क्लायंटला जॉर्जटाउनला घर बघायचं होतं आणि काउंटीच्या साइटवर डीड ऑफ ट्रस्ट कसं शोधायचं ते त्यांना हवं होतं. दोन तास बसलो. पहिल्याच घराचा कागद निघाला, सप्टेंबर २०२१, कर्ज तीन लाख ऐंशी हजार. वहिनींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "याला जागा आहे."

चू. भू. द्या. घ्या.